निर्भय पक्ष्यांची बेटे

प्रस्तावना

पॅसिफिक हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा महासागर आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्याने व्यापला आहे. या महासागराच्या उष्ण कटिबंधात हजारो लहान-मोठी बेटे विखुरलेली आहेत. त्यांपैकी काही बेटांवर असे पक्षी राहतात, की जे जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा पक्ष्यांना 'प्रदेशनिष्ठ' पक्षी म्हणतात. ते पाहण्यासाठी निरनिराळ्या देशांतील पक्षिनिरीक्षक जहाजाने या बेटांची सफर करतात. अशा सफरीत कोणते पक्षी दिसतात, कोणते दिसेनासे झाले आहेत आणि त्यामागील कारणे कोणती, हे प्रस्तुत पाठात समजून घ्यावयाचे आहे.

बंदरावरची ओळखीची साळुंकी

दक्षिण पॅसिफिकमधील अनेक सफरींचा प्रारंभ ताहिती या बेटावरील पापेते या बंदरातून होतो. ताहिती हे फ्रेंच पॉलिनेशियातील सर्वांत मोठे बेट. भारतातून गेलेला एखादा पक्षिनिरीक्षक या बंदरावर उतरला, तर त्याच्या दृष्टीस पडणारे पहिले पक्षी कोणते असतील? बहुधा ते साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल हे असतील. आपल्या अंगणात, बाजारात, रेल्वेच्या फलाटावर वावरणारे हे पक्षी हजारो किलोमीटर दूरच्या त्या बेटावर तितक्याच निर्धास्तपणे फिरताना दिसतात.

हे पक्षी तेथे स्वतः उडत गेलेले नाहीत. माणसाने त्यांना नेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी उपद्रवी कीटकांवर उपाय म्हणून साळुंकी ताहितीवर सोडण्यात आली. बुलबुल त्याच शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला. दोघांनीही तेथे चांगलाच जम बसवला. मात्र त्यांचा हा जम मूळच्या पक्ष्यांना महागात पडला. ताहितीवर 'ताहिती मोनार्क' नावाचा एक लहानसा काळा पक्षी आहे. आपल्याकडील स्वर्गीय नर्तकाच्या कुळातील हा पक्षी जगात केवळ या एकाच बेटावर राहतो. साळुंकी आणि बुलबुल त्याला त्रास देऊन घरट्यावरून हुसकावतात, तर उंदीर त्याची अंडी व पिल्ले खातात. १९९८ मध्ये ताहिती मोनार्कचे अवघे बारा पक्षी उरले होते.

पुढील प्रवासात जे दिसते त्याचा अर्थ या एका उदाहरणातून उलगडतो. पॅसिफिकच्या बेटांवर काही जीव आपल्या बळावर आले आणि काहींना माणसाने आणले. या दोहोंमधील संघर्षाची कथाच तेथील पक्षिजीवनात सर्वत्र आढळते.

उंच बेटे आणि कंकणद्वीपे

पॅसिफिकमधील उष्ण कटिबंधातील बेटे प्रामुख्याने दोन प्रकारची आहेत. ताहितीसारखी उंच बेटे ज्वालामुखीपासून तयार झाली आहेत. त्यांवर डोंगर, दऱ्या, झरे आणि दाट अरण्ये असतात. दुसऱ्या प्रकारची बेटे सखल असून ती प्रवाळांनी घडवलेली आहेत. समुद्रातील ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढतात. कालांतराने ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, प्रवाळांची वाढ मात्र वरच्या दिशेने चालूच राहते. अखेरीस डोंगर पाण्याखाली जातो आणि त्याच्या काठाचे प्रवाळाचे कडे तेवढे उरते. मध्ये शांत, उथळ पाणी आणि भोवती बांगडीसारखी जमिनीची चिंचोळी पट्टी, असे हे 'कंकणद्वीप' असते. ही उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडली होती. आपल्या देशातील लक्षद्वीप बेटेही याच प्रकारची आहेत.

ताहितीच्या पूर्वेस तुआमोतू नावाचा द्वीपसमूह आहे. त्यात सुमारे पाऊणशे कंकणद्वीपे आहेत. त्यांच्याही पलीकडे गांबिए बेटे, त्यानंतर पिटकेर्न आणि शेवटी निर्मनुष्य हेंडरसन. यांतील कित्येक बेटांवर ना विमानतळ आहे, ना धक्का, ना मनुष्यवस्ती. त्यामुळे तेथे पोहोचण्यास जहाजावाचून दुसरा मार्ग नाही. लहान आकाराचे जहाज दोन-तीन आठवडे बेटांमागून बेटे घेत जाते आणि प्रवासी रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात.

डेकवरील निरीक्षण

दोन बेटांच्या दरम्यान कधी कधी पूर्ण दिवस, तर कधी दोन-दोन दिवस नुसता समुद्रच असतो. सामान्य प्रवाशाला हा काळ कंटाळवाणा वाटेल. पक्षिनिरीक्षकाला मात्र तो हवाहवासा वाटतो. पहाटेपासून तो दुर्बीण घेऊन डेकवर उभा राहतो. उष्ण कटिबंधातील समुद्रात अन्न विरळ असते. म्हणून पक्षीही विरळ असतात. तासन्‌तास काहीच दिसत नाही. मग एकाएकी पाण्याच्या पृष्ठभागावर मासे उसळतात आणि पक्ष्यांचा थवा कोठून तरी प्रकट होतो. खालून ट्यूनासारखे मोठे मासे लहान माशांना पृष्ठभागाकडे रेटतात आणि वरून पक्षी झडप घालतात.

येथील काही पक्षी सहज ओळखता येतात. बूबी हा मोठा, लांबट चोचीचा पक्षी जहाजाच्या पुढील भागाच्या बाजूने उडत राहतो. जहाजाच्या चाहुलीने उडणारे मासे पाण्याबाहेर झेप घेतात आणि बूबी त्यांना अचूक टिपतो. फ्रिगेट पक्षी अधिकच विलक्षण आहे. तो समुद्रावर जगतो, पण त्याची पिसे पाण्यात भिजतात, त्यामुळे त्याला पाण्यावर बसता येत नाही. आठवडेच्या आठवडे तो हवेतच तरंगत राहतो. स्वतः मासे पकडण्याबरोबरच दुसऱ्या पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांच्या तोंडचा घास पळवण्यातही तो तरबेज असतो. नर फ्रिगेट प्रियाराधनाच्या काळात गळ्याखालची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवतो.

पेट्रेल पक्षी ओळखणे मात्र कठीण असते. या पक्ष्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. त्यांची घ्राणेंद्रिये तीक्ष्ण असून दूरवरच्या अन्नाचा वास त्यांना येतो. म्हणूनच काही ठिकाणी निरीक्षक माशांचे तुकडे आणि माशांचे तेल पाण्यात टाकून त्यांची वाट पाहतात. पेट्रेलच्या अनेक जाती एकमेकींसारख्याच दिसतात. पंखाखालचा पांढरा पट्टा, गळ्याचा रंग, उडण्याची ढब अशा बारीक खुणांवरून त्या ओळखाव्या लागतात आणि तेही हलत्या जहाजावरून, काही क्षणांत! हे पक्षी वर्षाचा बराच काळ समुद्रावर काढतात. जमिनीवर येतात ते केवळ वीण करण्यासाठी आणि तेही पुष्कळदा रात्रीच. त्यामुळे माणसाला त्यांच्याविषयी फार थोडे ठाऊक आहे. 'फिजी पेट्रेल' या पक्ष्याचा एक नमुना १८५५ मध्ये फिजीच्या गाऊ बेटावर मिळाला होता. त्यानंतर तो पुन्हा हाती लागला १९८४ मध्ये. म्हणजे मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. समुद्रावर उडताना त्याची निश्चित ओळख पटली ती तर २००९ मध्ये.

पक्षी हेच वाटाडे

आजच्या जहाजावर दिशा दाखविणारी उपग्रहाधारित यंत्रे असतात. परंतु ही यंत्रे नसताना पॉलिनेशिया आणि मायक्रोनेशियातील दर्यावर्दी लोकांनी लाकडी नौकांतून हा विराट सागर पार केला होता. तारे, लाटांची दिशा, ढगांचे रंग यांच्याबरोबर पक्षी हेही त्यांचे वाटाडे होते.

या विद्येमागील तत्त्व सोपे आहे. पांढरा सुरय आणि नॉडी हे पक्षी दिवसा समुद्रावर मासे पकडतात आणि रात्री जमिनीवर परततात. त्यामुळे सकाळी ते ज्या दिशेकडून येताना दिसतात, त्या दिशेस जमीन असते. सायंकाळी ते ज्या दिशेने सरळ उडत जातात, तिकडेच बेट असते. कंकणद्वीप इतके सखल असते, की नौकेतून ते फार तर पंधरा-वीस किलोमीटरवरून दिसते. नॉडी मात्र किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत भेटतो आणि पांढरा सुरय त्याहूनही दूरवर दिसतो. म्हणजे पक्ष्यांमुळे दर्यावर्दी माणसाच्या दृष्टीने ते बेट कितीतरी मोठे होत असे. फ्रिगेट किंवा पेट्रेल यांच्यावर मात्र असा भरवसा ठेवता येत नाही, कारण ते रोज घरी परततातच असे नाही. कोणत्या पक्ष्यावर विश्वास ठेवावा, हे जाणणे हाच या विद्येचा गाभा होता.

ही विद्या केवळ दंतकथा नाही, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. मायक्रोनेशियातील सातावल बेटाचे माउ पियाइलुग यांनी कोणतेही आधुनिक उपकरण न वापरता 'होकुलेआ' ही परंपरागत पद्धतीची नौका हवाईहून ताहितीपर्यंत नेली. वाटेत पांढरे सुरय दिसू लागले, तेव्हा जमीन जवळ आल्याचे नौकेवरील मंडळींना कळले. त्यानंतर तुआमोतूमधील मताइवा हे कंकणद्वीप त्यांना लागले. पक्षिनिरीक्षण हा या लोकांचा छंद नव्हता. त्यांचे प्राण त्यावर अवलंबून होते.

भीती न शिकलेले पक्षी

तेनारारो हे तुआमोतूच्या आग्नेय भागातील एक छोटे निर्मनुष्य कंकणद्वीप आहे. तेथे धक्का नाही. लाटांचा अंदाज घेत होडी प्रवाळाच्या कड्याजवळ न्यावी लागते. किनाऱ्यावर पाय ठेवताच पाहुण्याला एक वेगळाच अनुभव येतो. 'तिती' नावाचा तपकिरी रंगाचा, चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी त्याला पाहून पळून जात नाही. तो उलट जवळ येतो, पायांभोवती हिंडतो आणि आपल्या बारीक स्वरात काही विचारल्यासारखा आवाज करतो. आपल्याकडे पाणथळ जागी दिसणाऱ्या तुतवार पक्ष्यांचा हा नातलग. परंतु तुतवार चिखलातील किडे शोधतो, तर तिती झाडाझुडपांतही वावरतो आणि फुलांतील मधाचा आस्वादही घेतो. अशाच बेटांवर 'तुतुरुरू' हे जमिनीवर चरणारे दुर्मीळ कबूतर आढळते. त्याची जगातील एकूण संख्या दोनशेच्या आत आहे.

हे पक्षी इतके निर्भय का असतात? या बेटांवर माणूस येण्यापूर्वी मांजर, मुंगूस, उंदीर यांसारखे सस्तन भक्षक कधीच नव्हते. इतक्या दूरवर समुद्र ओलांडून तेथे ते पोहोचूच शकत नव्हते. सहस्रावधी वर्षे जमिनीवरच्या शत्रूची गाठच न पडल्यामुळे त्याला भिण्याची सवय या पक्ष्यांत निर्माण झाली नाही. त्यांनी जमिनीवर घरटी केली. पांढरा सुरय तर घरटेच बांधत नाही. झाडाच्या उघड्या फांदीवरील एखाद्या खोबणीत तो आपले एकुलते एक अंडे ठेवतो. काही पक्ष्यांना उडण्याचीही गरज उरली नाही. हेंडरसन बेटावरची छोटी, काळी पाणकोंबडी आज उडू शकत नाही.

एका पाहुण्या पक्ष्याचीही येथे नोंद घेतली पाहिजे. 'ताहिती कुरल्यू' हा लांब, वाकड्या चोचीचा पक्षी वीण करतो अलास्कात आणि हिवाळा काढतो या बेटांवर. दोहोंमधील सहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर तो कोठेही न थांबता पार करतो. १७६९ मध्ये कॅप्टन कुक याच्या जहाजातून आलेल्या अभ्यासकांनी तो ताहितीवर पाहिला होता. परंतु त्याचे घरटे कोठे असते, हे कळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. बेटांवर आल्यानंतर तो जुनी पिसे टाकतो. त्या वेळी बऱ्याच प्रौढ पक्ष्यांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही काळ ते उडू शकत नाहीत. बेटावर भक्षक नसतील, तरच अशी चैन परवडते. हा पक्षी इतर पक्ष्यांची अंडी फोडण्यासाठी चोचीत दगड धरून त्यांवर आपटतो. साधनाचा असा वापर करणारे पक्षी फारच थोडे आहेत.

उंदीर आला आणि काय झाले

तेनारारोवर तिती आहे, पण शेजारच्या अनेक बेटांवर तो नाही. तेथे तीच झाडे, तोच पाऊस, तोच किनारा आहे. मग फरक कोणता? फरक आहे उंदराचा. ज्या बेटांवर उंदीर पोहोचले, तेथून तिती नाहीसा झाला. आज तो मुख्यतः चार-पाच बेटांपुरताच उरला आहे.

पॅसिफिकमध्ये उंदीर दोन टप्प्यांत आला. पहिला आकाराने लहान पॉलिनेशियन उंदीर. तो प्राचीन दर्यावर्दींच्या नौकांतून आला. त्यानंतर अठराव्या शतकापासून युरोपीय जहाजांनी अधिक मोठे आणि अधिक उपद्रवी उंदीर आणले. त्यांच्यामागून मांजरे आली, डुकरे आली, नारळाच्या बागांसाठी मूळची अरण्ये तोडली गेली. पोट भरण्यासाठी माणसांनी पक्ष्यांची शिकारही केली. शास्त्रज्ञांनी बेटांवरील जुन्या हाडांचा अभ्यास करून २०१३ मध्ये एक अंदाज मांडला. त्यानुसार माणसाच्या आगमनानंतर पॅसिफिकच्या बेटांवरील जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांच्या सुमारे एक हजार जाती नष्ट झाल्या. यात चिमणीवर्गातील लहान पक्षी धरलेले नाहीत. म्हणजे आजचा निरीक्षक जे पाहतो, तो एका मोठ्या संपत्तीचा उरलेला अंश आहे.

याच महासागराच्या पश्चिमेकडील ग्वाम बेटावर वेगळा शत्रू आला. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहू जहाजांतून तपकिरी वृक्षसर्प तेथे पोहोचला. काही दशकांतच त्याने बेटावरील बहुतेक वन्य पक्षी संपवले. तेथील 'सिहेक' हा बदामी आणि निळ्या रंगाचा खंड्या १९८० च्या दशकात केवळ २९ पक्ष्यांवर आला. ते सर्व पकडून प्राणिसंग्रहालयांत ठेवण्यात आले आणि त्यानंतर मोकळ्या अरण्यात एकही सिहेक उरला नाही.

हेंडरसनचा धडा

हेंडरसन हे बेट या सर्व प्रश्नांचे जणू एक प्रात्यक्षिकच आहे. सुमारे दहा किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद असलेले हे प्रवाळाचे बेट समुद्रातून वर उचलले गेले आहे. त्याला १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. या बेटावर जमिनीवरील पक्ष्यांच्या चार प्रदेशनिष्ठ जाती आहेत. उडता न येणारी पाणकोंबडी, फळे खाणारे एक कबूतर, लोरिकीट हा लहान पोपट आणि एक वटवट्या. शिवाय पेट्रेलच्या अनेक जाती येथे वीण करतात. पण पॉलिनेशियन उंदीर येथेही आहे. तो पेट्रेलची जिवंत पिल्ले खातो आणि अंड्यातून बाहेर पडलेली बहुतांश पिल्ले थोड्याच दिवसांत मरतात.

२०११ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून हे बेट उंदीरमुक्त करण्याचा मोठा प्रयत्न झाला. तत्पूर्वी काही पाणकोंबड्या पकडून पिंजऱ्यांत सुरक्षित ठेवल्या होत्या, जेणेकरून विषामुळे ही जातच नष्ट होऊ नये. बहुतेक सर्व उंदीर मेले, परंतु थोडेसे वाचले. उंदराची एक जोडी वर्षभरात कितीतरी पिल्लांना जन्म देते. त्यामुळे काही वर्षांतच उंदरांची संख्या पूर्ववत झाली. अशा कामात शंभरातील नव्याण्णव उंदीर मारणे म्हणजे अपयशच ठरते.

हेंडरसनवर माणूस राहत नाही. तरीही माणसाचा कचरा तेथे पोहोचला आहे. सागरी प्रवाहांनी वाहून आणलेल्या प्लॅस्टिकची पाहणी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार या बेटावर प्लॅस्टिकचे सुमारे पावणेचार कोटी तुकडे होते. जेथे कोणी राहत नाही, तेथेही आपण टाकलेली वस्तू पोहोचू शकते, हा या बेटाचा दुसरा धडा आहे.

पुन्हा ऐकू येणारे सूर

असे असले, तरी ही कथा केवळ विनाशाची नाही. हेंडरसनच्या शेजारची ओएनो आणि डूसी ही छोटी बेटे १९९७ मध्ये उंदीरमुक्त झाली. तुआमोतू आणि गांबिए भागातील सहा बेटांवर २०१५ मध्ये अशीच मोहीम राबवण्यात आली. फ्रेंच पॉलिनेशियातील 'मानू' ही पक्षिसंस्था, बर्डलाइफ इंटरनॅशनल आणि अन्य संस्था यांनी स्थानिक लोकांच्या सहकार्याने हे काम केले. सहापैकी पाच बेटांवर एकही उंदीर उरला नसल्याचे २०१७ मध्ये निश्चित झाले. अशा मोहिमेनंतर निष्कर्ष काढण्यापूर्वी दीर्घ काळ वाट पाहावी लागते. एखाददुसरा उंदीर वाचला असेल, तर तेवढ्या काळात त्याची प्रजा वाढून दिसू लागते. या मोहिमेमुळे तिती आणि तुतुरुरू यांच्यासाठी नवी सुरक्षित बेटे उपलब्ध झाली.

ताहितीच्या दऱ्यांतही चित्र पालटले. मोनार्कची घरटी असलेल्या झाडांना उंदीर चढू नयेत म्हणून बुंध्यांभोवती गुळगुळीत पत्रे बसवले गेले. दरीतील रहिवाशांनी साळुंक्या पकडण्यासाठी सापळे लावले. १९९८ मध्ये बारावर आलेली ही जात आज शंभरीच्या पुढे गेली आहे. आणि ग्वामचा सिहेक? पाल्मायरा या दूरच्या कंकणद्वीपावरून २०११ मध्ये उंदीर हटवण्यात आले होते. २०२४ मध्ये पिंजऱ्यात वाढलेले नऊ सिहेक तेथे मुक्त करण्यात आले. सुमारे साडेतीन दशकांनंतर या खंड्याने पुन्हा मोकळ्या आकाशाखाली पंख पसरले.

पाहुण्याची शिस्त

जहाजानेच उंदीर आणला. मग जहाजाने येणाऱ्या पक्षिनिरीक्षकाची जबाबदारी काय? जबाबदारीने चालवल्या जाणाऱ्या सफरीत प्रत्येक उतरणीपूर्वी काही नियम कटाक्षाने पाळले जातात. बुटांचे तळ घासून धुतले जातात. खिसे, पिशव्या, कपड्यांचे दुमड तपासले जातात. त्यांत अडकलेले एखादे बी, मुंगी किंवा मातीचा कण बेटासाठी घातक ठरू शकतो. खाण्याचे पदार्थ किनाऱ्यावर नेले जात नाहीत. जमिनीवर अंडी असू शकतात म्हणून एका रांगेत, जपून पावले टाकली जातात. पक्षी स्वतःहून जवळ आला तर पाहुण्याने स्तब्ध राहावे, त्याचा पाठलाग करू नये.

जहाजावरही काळजी घ्यावी लागते. रात्री प्रखर दिवे पाहून पेट्रेल भांबावतात आणि डेकवर आदळतात. पाय मागे असल्याने त्यांना सपाट जागेवरून सहज उडता येत नाही. म्हणून दिवे मंद ठेवतात, खिडक्यांचे पडदे ओढतात आणि डेकवर पक्षी सापडलाच, तर त्याला अंधाऱ्या खोक्यात विसावा देऊन मग समुद्रावर सोडतात. निरीक्षकांच्या नोंदींनाही महत्त्व आहे. ज्या सागरी भागात वर्षानुवर्षे शास्त्रज्ञ फिरकत नाहीत, तेथे कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, किती पक्षी दिसले, ही साधी वही पुढील अभ्यासाला आधार ठरते.

समारोप

या सफरीत बेटाबेटांवर एक सडपातळ, लांब पायांचा पक्षी दिसतो. त्याच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांची नक्षी असते. हा सोनेरी चिखल्या. शास्त्रज्ञांनी १७८९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, तेही ताहितीवरील नमुन्यावरून. तो उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियात आणि अलास्कात वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. त्याच्याच जातीचे काही पक्षी हिवाळ्यात भारतातही येतात. आपल्या किनाऱ्यांवर, मिठागरांत, तळ्याकाठच्या गवतात ते दिसू शकतात.

ताहितीच्या बंदरावर भेटलेली साळुंकी आणि बेटावर भेटलेला चिखल्या हे दोन्ही आपल्या परिचयाचे पक्षी आहेत. पहिलीला माणसाने नेले आणि तिथल्या पक्ष्यांवर संकट आले. दुसरा हजारो वर्षे स्वतःच्या पंखांनी येत-जात राहिला आणि कोणाचे घर त्याने उद्ध्वस्त केले नाही. दोष साळुंकीचा नाही. परिणामांचा विचार न करता तिला नेणाऱ्या माणसाचा तो दोष आहे. तेनारारोवरील तिती अजून माणसाला भीत नाही. त्याचा हा विश्वास टिकवणे माणसाच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. कंकणद्वीप कसे तयार होते, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. पांढरा सुरय आणि नॉडी यांच्यावर दर्यावर्दी विश्वास ठेवत, पण फ्रिगेट पक्ष्यावर का ठेवत नसत?
३. बेटांवरील पक्षी निर्भय असण्याचे कारण सांगून त्याचे दुष्परिणाम स्पष्ट करा.
४. 'शंभरातील नव्याण्णव उंदीर मारणे म्हणजे अपयशच ठरते', या विधानाचे स्पष्टीकरण हेंडरसन बेटाच्या आधारे करा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे सलग सात दिवस निरीक्षण करा. तो केव्हा, कोठे आणि काय करताना दिसला, याची नोंद दहा ओळींत लिहा.